शिवरात्र ते होळी : अंगातला स्वेटर



परवा हरभऱ्याच्या शिवारफेरीसाठी एका गावी गेलो होतो. घाटे कसे पोसले आहेत, आळी किती आहे, असे बोलणे चालले होते. तेवढ्यात बांधावर उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, "साहेब, ते आळीचं राहू द्या. आमचं पोरगं सकाळी स्वेटर घालीत नाही अन् दुपारी काढीत नाही. त्याच्यावर काही औषध आहे का?" सगळी मंडळी हसली, मीही हसलो. पण परतीच्या वाटेवर मनात आले की बाईंचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हे दिवसच असे आहेत की स्वेटर अंगात असला तरी पंचाईत आणि नसला तरी पंचाईत.

तेव्हा आज गहू-हरभरा थोडा बाजूला ठेवून घरी विणलेल्या स्वेटरविषयी चार गोष्टी सांगतो. टाके घालण्याचे ज्ञान मला नाही. ते आमच्या सौभाग्यवतींचे. मात्र तीस हिवाळे मी शेतकऱ्यांच्या बांधावर काढले आहेत. त्या अनुभवावर बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे समजतो.

थंडी एकदम जात नाही

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघते, असे आपले जुने लोक सांगतात. 'होळी जळाली, थंडी पळाली' असेही म्हणतात. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. शिवरात्रीला ती निघते आणि होळीला जाते. मधले पंधरा-सोळा दिवस ती उंबरठ्यावर रेंगाळत असते.

आमच्या निफाडकडे हे चांगले कळते. कडाक्याच्या थंडीत इथला पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो. फाल्गुन जवळ आला की पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तीस-बत्तीस अंश, असा एकाच दिवसात वीस अंशांचा फरक पडतो. याचे कारण साधे आहे. या दिवसांत आकाश निरभ्र असते आणि हवा कोरडी असते. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर सोडून देते. सर्वांत जास्त गारठा मध्यरात्री नसतो, तो सूर्य उगवण्याच्या सुमारास असतो. नेमकी तीच आपली हरभरा उपटण्याची वेळ. ऊन तापल्यावर घाटे फुटतात, दाणा गळतो, म्हणून आपण पहाटेच रानात उतरतो.

काढण्यालाही वाफसा असतो

पेरणीला वाफसा लागतो हे आपणांस सांगायला नको. वाफसा येण्याआधी पेरले तरी नुकसान, हुकल्यावर पेरले तरी नुकसान. अंगातला स्वेटर उतरवण्याचेही तसेच आहे.

ऊन वर आल्यावर काम करणाऱ्याला आतून घाम येतो. अंगातली कोपरी भिजते. मग न्याहारीला सावलीत बसल्यावर स्वेटर काढला की वाऱ्याची झुळूक ओल्या कपड्याला लागते आणि अंग थरारते. थंडीने जेवढे गारठत नाही, तेवढे माणूस या घामाने गारठते. म्हणून घाम येण्याआधी स्वेटर उतरवावा. ओळखायचे कसे? मानेच्या मागे, केसांच्या खाली हात लावून पाहावा. जागा कोरडी आणि ऊबदार लागली की वाफसा आला, स्वेटर काढा. जागा ओली लागली तर वेळ हुकली. मग आधी अंग पुसा, आतला कपडा बदला, आणि त्यानंतर सावलीला बसा.

शाळेत जाणाऱ्या पोरांना हे समजावून सांगावे. मुलाला 'स्वेटर काढू नकोस' अशी ताकीद देऊन पाठवले तर ते बिचारे भर दुपारी घामाघूम होऊन परत येते. त्यापेक्षा 'मधल्या सुट्टीत काढ आणि घडी घालून दप्तरात ठेव' असे सांगा. बांधावरच्या त्या बाईंना माझे हेच उत्तर. स्वेटर सकाळी घालायचा नाही, हे पोराचे म्हणणे बहुधा खरे नसते. गळ्यातून ओढून घालायचा स्वेटर त्याला नकोसा होतो. त्याला पुढून बटणांचा विणून द्या. घालायलाही सोपा आणि काढायलाही सोपा.

रानात घालण्याची रीत

आपल्याकडच्या कामकरी बायकांनी या ऋतूसाठी एक उत्तम पोशाख आपला आपणच तयार केला आहे. साडी, साडीवर बिनबाह्यांचा स्वेटर आणि त्याच्यावर घरधन्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. कोणी पाहुणा पाहील तर हसेल, पण यातला प्रत्येक कपडा आपले काम करतो.

वरचा सदरा वारा अडवतो. स्वेटरच्या टाक्यांतून वारा सहज आत शिरतो. त्यावर एक पातळ सुती कापड आले की टाक्यांत अडकलेली ऊबदार हवा तिथेच राहते. दुसरे, गव्हाची कुसळे लोकरीत एकदा रुतली की उन्हाळा संपेपर्यंत निघत नाहीत. सदऱ्यावरून ती झटकता येतात. तिसरे, हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबीने उघडे हात चुरचुरतात, त्यापासून सुती बाही वाचवते. ऊन वर आले की सदरा काढावा, आतला स्वेटर उतरवावा आणि सदरा पुन्हा चढवावा. मग तोच सदरा उन्हापासूनही वाचवतो.

पुरुष मंडळींनीही असेच करावे. आत कोपरी किंवा बंडी, मध्ये बिनबाह्यांचा स्वेटर, वर सदरा. रात्री गव्हाला पाणी भरायला जाताना मात्र बाह्यांचा स्वेटर आणि घोंगडी यांना पर्याय नाही. खरी लोकर थोडी ओलावली तरी बरीच ऊब राखते. सुती चादर ओली झाली की तिचा काही उपयोग नसतो.

उतरवलेला स्वेटर बाभळीच्या फांदीवर टाकू नये. एका काट्याने टाका ओढला जातो आणि संध्याकाळपर्यंत भोक पडते. भाकरीच्या पाटीत, फडक्याखाली घडी करून ठेवावा. कमरेला बाह्यांची गाठ मारून बांधण्याची पोरांची सवय तर मुळीच चांगली नाही. का, ते पुढे सांगतो.

पूर्ण बाह्यांचा स्वेटर वसंतासाठी कसा बदलावा

नवा स्वेटर विणायची गरज नाही. हिवाळ्यातलाच बदलता येतो.

बाही खांद्यापाशी शिवून जोडलेली असेल तर ती शिवण हलक्या हाताने उसवावी. बाही अखंड बाजूला निघते. मग बगलेच्या कडेने दहा किंवा अकरा नंबरच्या सुईवर टाके उचलावेत आणि एक सुलट, एक उलट अशी दीड इंचाची पट्टी विणावी. टाके बंद करताना हात सैल ठेवावा, नाही तर बगलेत काचते. पुढच्या कार्तिकात पट्टी उसवून तीच बाही परत जोडता येते.

काही स्वेटरांची बाही गळ्यापर्यंत तिरकी गेलेली असते. ती उसवू नये, सगळा स्वेटर बिघडेल. ती कोपराशी आखूड करावी. पण मनगटाकडून उसवायला जाल तर उसवणार नाही, कारण विणकाम तिथून सुरू झालेले असते आणि ते शेवटाकडूनच उसवते. कोपराच्या ठिकाणी एका ओळीतला एक धागा कापावा आणि ती ओळ हळूहळू ओढून काढावी. खालचा भाग सुटा होतो. वरचे मोकळे टाके सुईवर घ्यावेत आणि खाली दीड-दोन इंच पट्टी विणून बंद करावेत.

सुट्या निघालेल्या भागाची लोकर उसवून लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात बुडवून सावलीत टांगावी आणि खाली थोडे वजन लावावे. वळ्या जाऊन लोकर सरळ होते. तेवढ्यात तान्ह्या बाळाचे टोपडे सहज होते.

रंगाविषयी सौभाग्यवतींचे म्हणणे असे : "साडीच्या अंगाचा रंग पाहू नका, काठाचा पाहा." हिरव्या साडीला तांबडा काठ असेल तर तांबड्या लोकरीचा स्वेटर शोभतो आणि तोच आणखी चार साड्यांवर चालतो. मी त्यात एवढीच भर घालीन की या दिवसांत गडद काळा किंवा निळा रंग उन्हात लवकर तापतो. रानात नेण्याचा स्वेटर राखी, बदामी किंवा मातकट रंगाचा असावा. धूळही दिसत नाही. सप्ताहाच्या कीर्तनाला किंवा लग्नाला जाताना पुढून उघडा, कमरेपर्यंतचा स्वेटर घालावा, पदर त्याच्या आतून घ्यावा आणि वरची दोनच बटणे लावावीत. काठही दिसतो आणि खांदेही झाकले जातात.

मळणीच्या खळ्यावर

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, ती सांगतो.

१९९८ सालचा फेब्रुवारी महिना. मी नोकरीत नवा होतो. एका गावी हरभऱ्याच्या नव्या वाणाचा उतारा पाहायला भल्या सकाळी खळ्यावर गेलो. मळणी यंत्र भाड्याचे. नंबर पहाटेचा लागला, म्हणून दव सुकण्याची वाट कोणी पाहिली नाही. ओला माल यंत्र ओढीना, तोंडाशी तुंबू लागला. घरातला धाकटा मुलगा, वीस-बावीस वर्षांचा, हाताने तो आत ढकलीत होता. त्याच्या अंगात सुंदर निळा स्वेटर होता. मी कौतुकाने विचारले तेव्हा त्याने सांगितले होते, "वहिनीनं विणलाय. दिवाळीपासून विणत होती."

मी वहीत आकडे लिहीत होतो. ओरडणे ऐकून वर पाहिले तेव्हा त्याची उजवी बाही आत गेली होती. ट्रॅक्टर बंद करायला कोणी धावले. पण यंत्र लगेच थांबत नाही, त्याचे जड चाक फिरत राहते. त्याचा जीव वाचला. उजवा हात कोपरापासून गेला.

सुती कापड अडकले तर पुष्कळदा टरकन फाटते आणि माणूस सुटतो. विणलेली लोकर फाटत नाही, ताणते. एक टाका अडकला की शेजारचे टाके त्याच्या मागे जातात, बाही लांब होत जाते आणि हाताला घेऊनच आत शिरते. जे विणकाम मजबूत आणि सैल म्हणून आपण वाखाणतो, तेच तिथे घात करते. मफलरचे टोक, कमरेला बांधलेल्या बाह्या, पदर आणि बायकांची मोकळी वेणी यांचेही तसेच.

त्या दिवशी मी स्वतः गळ्यात मफलर घालून यंत्रापासून तीन हातांवर उभा होतो. हेक्टरी किती क्विंटल ते मला पाठ होते. त्या मुलाच्या बाहीकडे मात्र मी फक्त सुंदर स्वेटर म्हणून पाहिले. मी दोन शब्द बोललो असतो तर, हा विचार अजून मधूनमधून येतो.

पुढे त्याची वहिनी आमच्या घरी येऊ लागली. आमच्या सौभाग्यवतींशी तिची ओळख झाली, ती विणकामामुळेच. कित्येक महिने तिने सुयांना हात लावला नव्हता. "माझ्याच लोकरीनं त्याचा हात नेला," असे ती म्हणायची. आमच्या सौभाग्यवतींनी तिला समजावले की लोकरीने नेला नाही, घाईने नेला. तिला ते पटले की नाही, मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या हिवाळ्यात तिने पुन्हा सुया घेतल्या. घरातल्या सगळ्या पुरुषांच्या स्वेटरांच्या बाह्या तिने उसवल्या आणि बगलेला पट्ट्या विणल्या. वर बाही उसवण्याची जी रीत दिली, ती तिच्याकडूनच आमच्या घरी आली. माझ्या अंगातल्या बिनबाह्यांच्या स्वेटरकडे पाहून लोक विचारतात, "साहेब, थंडी वाजत नाही का?" त्यांना मी हीच हकीकत सांगतो.

म्हणून खळ्यावर पुढील गोष्टी पाळाच :

१. यंत्राजवळ जाण्याआधी स्वेटर, मफलर, उपरणे काढून दूर ठेवा. थंडी वाजत असेल तर आत दोन कोपऱ्या घाला. वरचा सदरा अंगाबरोबर असावा आणि बाह्या कोपराच्या वर घट्ट दुमडलेल्या असाव्यात. हातातले कडे, दोरे काढून ठेवा.

२. बायकांनी पदर कमरेला पक्का खोचावा आणि वेणीचा अंबाडा घालून वर रुमाल बांधावा.

३. दव सुकल्यावरच मळणी सुरू करा. ओला माल तुंबतो, आणि तुंबलेला माल हाताने ढकलताना अपघात होतो. नंबर गेला तर दुसरा मिळेल.

४. माल सरकवण्याची पन्हाळ किमान ९० सेंटिमीटर लांब आणि तिचा यंत्राकडचा ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. हात आतल्या दात्यांपर्यंत पोहोचूच नये, हा त्यामागचा हेतू. अशा यंत्रांसाठी धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा १९८३ सालीच झालेला आहे. भाड्याचे यंत्र ठरवताना दराआधी पन्हाळ पाहा.

५. तुंबलेले यंत्र साफ करायचे असेल तर आधी ट्रॅक्टर बंद करा आणि चाक पूर्ण थांबू द्या. मगच हात घाला.

चूल, शेकोटी आणि फवारणी

बाजारात 'लोकर' म्हणून मिळते ती सगळीच मेंढीची नसते. पुष्कळशी कॅशमिलॉनसारख्या कृत्रिम धाग्याची असते. तिचे रंग छान, किंमत कमी आणि धुण्याला सोपी. पण ती आगीजवळ धोक्याची. ओळखण्यासाठी दोन बोटे धागा चिमट्यात धरून दिव्याला लावावा. केस जळाल्यासारखा वास आला आणि चुरगाळताच राख झाली तर ती खरी लोकर. वितळून कडक काळा मणी झाला तर कृत्रिम. असा वितळलेला धागा कातडीला चिकटतो आणि भाजणे खोलवर जाते. म्हणून कृत्रिम लोकरीचा स्वेटर घालून चुलीपुढे किंवा शेकोटीला अगदी टेकून बसू नये. होळीच्या रात्री पोरांच्या अंगातले स्वेटर कशाचे आहेत, ते आईने एकदा पाहून घ्यावे.

औषध फवारताना स्वेटर वर घालू नये. लोकर फवारा धरून ठेवते आणि तो दिवसभर अंगाशी राहतो. चुकून औषध उडालेच तर तो स्वेटर इतर कपड्यांत न मिसळता वेगळा धुवावा. धुतल्याखेरीज घरात मुलाबाळांच्या अंगावर पांघरू नये.

होळीनंतर पेटीत

होळी झाली की आठवडाभराने स्वेटर पेटीत जातात. न धुता ठेवू नयेत. घाम आणि तेलकट डाग असलेल्या लोकरीवर कसर आधी लागते. लोकर खाते ते उडणारे लहान पाखरू नव्हे, त्याची आळी. पाखरू फक्त अंडी घालते, तेही अंधारात, घडीच्या आत. थोडक्यात, घाटेआळीचीच ही घरातली चुलत बहीण.

कोमट पाण्यात सौम्य साबण घालून स्वेटर हलक्या हाताने दाबून धुवावा. कढत पाण्यात घालून चोळला तर लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात आणि बापाचा स्वेटर पोराला येतो. पिळू नये, टांगू नये. पंचात गुंडाळून दाबावा आणि सावलीत सपाट पसरून वाळवावा. पुरता वाळल्यावर पत्र्याच्या पेटीत ठेवावा. कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची आपली रीत चांगली आहे, पण केवळ त्यावर विसंबू नये. उन्हाळ्यात एक-दोनदा घड्या उघडून झटकाव्यात आणि ऊन दाखवावे. डांबराच्या गोळ्या घातल्यास त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर मुळीच घालू नयेत. काही बाळांच्या रक्ताला त्या वासाचा अपाय होतो.

असो. सांगायचा मुद्दा एवढाच की घरच्या माणसाने रात्र रात्र जागून विणलेला स्वेटर हे मोठे धन आहे. ते केव्हा अंगावर घ्यावे हे आपणांस कळतेच. केव्हा उतरवून ठेवावे, हे या पंधरा दिवसांत लक्षात असू द्या. आज संध्याकाळी खळ्याची बोलणी होतील, तेव्हा यंत्राच्या भाड्याबरोबर बाह्यांचाही विषय काढा.

पुढील अंकी उन्हाळी भुईमुगाच्या पाण्याविषयी बोलू. तोवर रामराम.